वाट आणायच्या गाण्यातली शेवटची हाक

मामा, तुमचा थाळ मी माळ्यावरून खाली काढला. तुम्ही गेल्यावर तुमच्या लेकाने तो तुमच्याच जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून वर ठेवला होता, तेव्हापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. सासऱ्याची वस्तू सुनेने न विचारता काढली, म्हणून हे सांगायला बसले आहे. विचारायला तुम्ही नाही हे मला कळतं. पण ह्या घरातली मिठाची बरणीसुद्धा मी पहिली काही वर्षं तुम्हाला आणि सासूबाईंना सांगून हलवली, तर थाळ काढल्याचं न सांगता कशी राहू? आणि काढला तो हौसेने नाही. तुमच्या लेकाची वाचा गेली. गाणं मला येत होतं, थाळ होता, हात अजून शाबूत आहेत. अडचण होती ती शेवटच्या हाकेची. ती हाक मारणारं ह्या घरात कोणी उरलंच नव्हतं. ती कोणी मारली आणि कशी मारली, ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

मी मुरबाडकडची. आमच्या माहेरी भगत होता, पण तो सुपात तांदूळ टाकून पाहायचा आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. गाणारा भगत मी पाहिलाच नव्हता. लग्न होऊन उंबरमाळीच्या ह्या डोंगराखाली आले, तेव्हा नव्या नवरीने कामाला वाघ असल्याचं दाखवायचं म्हणून घरातली सगळी भांडी ओहळावर नेली. त्यात हा काशाचा थाळ. मधोमध मेणाचा काळपट गोळा चिकटलेला. मला वाटलं, सासरची माणसं भलतीच अस्ताव्यस्त दिसतात, ताटात काय सांडतं ते काढतपण नाहीत. चुलीतला निखारा लावून मेण सैल केलं, खरवडलं, चिंच नि राख लावून असा घासला की त्यात माझं कुंकू दिसायला लागलं. घरी आणून उन्हात ठेवला तर सासूबाई कपाळाला हात लावून उंबऱ्यावरच बसल्या. तुम्ही शेतावरून आलात, थाळ उचललात, नखाने टिचकी मारून कानाशी धरलात. मी दाराच्या आड. म्हणालात, "चकचकीत झाला गो सूनबाय. आता भाकरी वाढा त्याच्यात. बोलायचा नाय तो."

रागावलात म्हणावं तर आवाज चढवला नाहीत. पण पुढे कितीतरी दिवस आल्यागेल्याला सांगत सुटलात, "आमच्या सुनेनं देव घासून ठेवलाय, बघा." मला भुईत शिरावंसं व्हायचं. आणि मग एके सकाळी तुम्हीच मला बरोबर घेऊन पलीकडच्या वाडीवर गेलात, मध काढणाऱ्याकडून पोळ्याचं मेण आणलंत, आणि अंगणात बसून ते कोमट करून तळव्यावर कसं मळायचं ते दाखवलंत. उन्हाळ्यात त्यात थोडी राळ घालायची, नाहीतर काडी कलते. थंडीत आधी काखेत धरून ऊब द्यायची. मेणात काडी उभी केलीत, दोन्ही हातांच्या बोटांनी ती वरून खाली ओढू लागलात, आणि थाळातून तो घुमारा निघाला. भुंगा मडक्यात अडकल्यासारखा, पण त्याला कुठे थांबा नाही. पोटात शिरतो तो आवाज. चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंचे हात थांबले होते. मी तेव्हा नुकती आलेली पोर, पण एवढं कळलं की ह्या आवाजात कोणी उठून जाणार नाही.

आता हे कोणी वाचणार नाही, तरी सगळं सांगते, कारण सांगताना मलाच ते नीट लागतं. तुम्ही भूत काढत नव्हता, कोंबडं मागत नव्हता, कोणाच्या अंगावर धूप ओतून ओरडत नव्हता. साप चावला, ताप मेंदूत गेला, बाई अडली, की तुम्ही थाळाला हात न लावता आधी गाडी शोधायला पळायचात. तुमचं गाणं वेगळ्या दुखण्याचं. भ्यालेलं माणूस, मुकं झालेलं माणूस, कामावरून परत आलेलं पण घरात न आलेलं माणूस. अंग आलंय, जीव वाटेत राहिलाय, असं तुम्ही म्हणायचात. मग तो जिथे राहिला तिथून घरापर्यंतची वाट गायची. एकेक ओहळ, एकेक चढ, झाड, बांध, सगळं नावानिशी. त्यातलं एकही ठिकाण गाळायचं नाही, नाहीतर जीव तिथे अडून बसतो. म्हणून तुम्ही गायच्या आधी ती वाट स्वतः चालून यायचात. लोक म्हणायचे, भगताला फिरायची हौस. फिरायला कशाला, तुम्ही गाणं आणायला जायचात. आणि वाट अंगणात आली की आतून घरातल्या वडीलधाऱ्याने त्या माणसाला नावाने हाक मारायची. तिथे गाणं संपतं. हाक नाही आली, तर माणूस उंबऱ्याबाहेर उभा.

मला ती वीटभट्टीवरून आलेली बाई आठवते. गावाबाहेरच्या वाडीवरची, दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर भिवंडीकडे भट्टीवर गेलेली. तिथे तिचं तान्हं गेलं. घरी आली ती नुसती भिंतीला टेकून बसायची, पाणी दिलं तर धरायची, प्यायची नाही. तुम्ही तिच्या नवऱ्याला विचारून भट्टीपर्यंत जाऊन आलात. ते मूल पुरलं होतं त्या जांभळीपाशीसुद्धा जाऊन आलात. दुपारी तिच्या झोपडीत थाळ मांडला आणि तुमचा झीलकरी नेमका लग्नाला गेलेला. गाणाऱ्याने ओळ सोडली की तिचा शेवटचा शब्द उचलून धरायचा, एवढंच झीलकऱ्याचं काम, पण तो नसला तर गाणं लंगडतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "बस हितं. शेवटचा शबूद सोडायचा नाय." बायांनी थाळापाशी बसायची रीत नव्हती. बरोबर आलेल्या सासूबाईंनी डोळे मोठे केले. तुम्ही म्हणालात, "रीत घरी झोपलीय. ही बाई उपाशी हाय."

मी बसले. जांभळीपासून तुम्ही निघालात. तिथे जरा जास्त थांबलात, घाई केली नाहीत, जांभळीला सांगितलंत की राखण कर. मग रस्ता, खाडीचा वास, ट्रकच्या पाठीवरची उभी माणसं, शहापूरचा बाजार, तिथून चालत वर. मी शब्द उचलत होते. ऐकता ऐकता झोपडीत माणसं दाटली होती. तिची सासू, दीर, शेजारपाजार, सगळे एका जागी बसलेले. वाट दारात आली, माहेरहून आलेल्या तिच्या आईने नावाने हाक मारली, आणि ती बाई एवढ्या मोठ्याने रडली की बाहेरची कुत्री उठली. त्या संध्याकाळी तिने पेज घेतली. परत येताना मी विचारलं, "मामा, तुमी बरी केलीत तिला?" तुम्ही म्हणालात, "मी काय बरं करतंय? ती सगळी माणसं आपापल्या कामाला पळत व्हती, तिच्यापाशी बसायला कोणाला येळ नव्हता. थाळ वाजला म्हणून बसली. बसली म्हणून ती रडली." मग थोडं चालून झाल्यावर पुन्हा म्हणालात, "पर थाळ वाजल्याबिगर बसली नसती, हां." ह्या दोन्ही गोष्टी मी गाठीला बांधून ठेवल्या. एक मोकळी केली तर दुसरी खोटी पडते.

तुमच्या लेकाला मात्र हे कधी गोड वाटलं नाही. लहानपणी तोच तुमचा झीलकरी होता, हे मला सासूबाईंनी सांगितलं. मिशा फुटल्या तसा त्याने थाळ सोडला आणि कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये लागला. घाटातल्या रुळांवर हातोडा घेऊन चालायचं काम. तुम्ही घरात गायला लागलात की हा अंगणात जाऊन खोकत बसायचा. मला म्हणायचा, "रूळ फुटला तर मी गाऊन जोडतो का?" पण चूक काढायला मात्र कान उघडे. तुम्ही एखादा बांध विसरलात की अंगणातून ओरडायचा, "बा, आंब्याखालचा बांध राहिला." बापलेकांचं तेवढंच बोलणं व्हायचं काही दिवस. तुम्हाला ते आवडायचं. तुम्ही कबूल केलं नाहीत, पण मला वाटतं एखादा बांध तुम्ही मुद्दाम विसरायचात.

तर तो आता रिटायर झाला होता आणि मजेत होता. कसाऱ्याला जुन्या गँगवाल्यांना भेटायला जायचा, चहा प्यायचा, राजकारण करून परत यायचा. तिथेच एका सकाळी टपरीवर त्याच्या हातातून पेला सुटला आणि तोंड वाकडं झालं. लोकांनी गाडीत घातला, शहापूरला दवाखान्यात आणला, तिथून ठाण्याला. जीव वाचला, पाय आला, उजवा हात थोडा थोडा येतोय. वाचा नाही आली. सगळं कळतं, मान हलवतो, रागावतो, पण तोंडातून नुसतं "ब... ब". तुमच्यासारखाच बोलका माणूस, मामा. त्याचं ते गप्प बसणं घरात एखाद्या मोठ्या फडताळासारखं मधोमध उभं. मी त्याला वळसा घालून कामं करत होते.

शहापूरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीण आहे, आमच्या लेकीच्या वयाची. तिने त्याला माझ्याकडे बोट करून विचारलं, "ह्या कोण?" त्याने छातीवर हात ठेवला. "नाव काय ह्यांचं?" हा खाली बघतो. तिने पुन्हा विचारलं, हा अजून खाली. ती मला हळूच म्हणाली, "आजी, तुमचं नाव विसरलेत ते." मी म्हटलं, "विसरायला आधी कधी घेतलं पायजे ना, बाई. आमच्यात नाय घेत." ती हसली. मग मला म्हणाली, "बरं, ह्यांचं नाव सांगा." मी पिशवीतून आधार कार्ड काढून पुढे केलं. "म्हणजे तुम्हीपण विसरलात," म्हणाली. गुणाची पोर. निघताना तिने सांगितलं की रोज व्यायाम करून घ्या, शब्द म्हणायला लावा, आणि ह्यांना गाणी म्हणायला आवडत असेल तर गाणीसुद्धा म्हणवून घ्या, कधी कधी बोलता न येणारी माणसं गातात. गाण्याची जागा डोक्यात वेगळी असते, असं काहीतरी ती म्हणाली. मला तेवढं पुरे झालं. घरी येऊन शिडी लावली.

थाळाच्या फडक्यात अजून तंबाखूचा वास होता. मेण वाळून तडकलेलं. मध काढणाऱ्याच्या त्याच वाडीवरून नवं आणलं, काखेत धरलं, मळलं. धाकटी जाऊ, तुमच्या पुतण्याची बायको, भिंतीवरून वाकून बघत होती. "बाय, थाळ का काढलात? पापड लाटायचेत?"

"वाट आणायचीय तुझ्या भावजींची."

"बाईमाणसानं?"

"मग तू बाप्या आण कुठून तरी. गाणारा हवा, फुकट बसणारा नको."

ती आलीच मग, भिंतीला वळसा घालून. येताना गवती चहाची पात घेऊन आली. तिचं तोंड असं आहे, पण हात कामाचे.

आता वाट म्हणजे कसाऱ्याच्या टपरीपासून आमच्या उंबऱ्यापर्यंत. ती चालून येणं माझ्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. मी म्हटलं, एवढी वर्षं जाते-येते, मला काय माहीत नाही? शेवटच्या हाकेचाच प्रश्न होता. तुम्ही नाही, सासूबाई नाहीत, चुलते नाहीत. त्याच्याहून मोठं आणि त्याला नावाने हाक मारू शकेल असं कोण उरलंय, हे मी दोन दिवस बोटांवर मोजत होते. शेवटी उंबरमाळीचा एक म्हातारा गँगवाला सापडला, ह्याच्या आधी लागलेला. तो म्हणाला, "येतो की. हाक मारायची नि चहा प्यायचा, एवढंच ना?" त्याला तुमच्या जागी आतल्या दारापाशी पाट टाकून बसवला. तुमचा लेक खाटेवर, पाठीला उशी. थाळ बघून त्याने तोंड फिरवलं. फिरवू दे म्हटलं. कान कुठे फिरवशील?

दुपार कलल्यावर सुरू केलं. पहिल्यांदा बोटं नुसतीच घसरली, कुंईं असा मांजराचा आवाज आला. जाऊ फिसकन हसली. मग मेणाने धरलं, काडीने धरलं, आणि घुमारा उठला. मामा, तोच तो आवाज. भिंतींना तो ओळखीचा होता. मी टपरीपासून निघाले. चहाच्या पेल्याला सांगितलं की आता तू राहा, माणूस आमचा आम्ही नेतो. तिथून रस्त्याला लागले. जाऊबाई झील धरत होती, शब्द उचलत होती, बरं चाललं होतं. मी गायलं, "कसाऱ्याहून निघाला रं, पुलावरून". जाऊ म्हणाली, "पुलावरून". आणि खाटेवरून आवाज आला, "खालून."

माझी बोटं थांबली नाहीत, कशी ते मला माहीत नाही. मी परत म्हटलं, "पुलावरून". आणि तो चिडला. डाव्या हाताने खाटेची पट्टी आपटली. "खालून. खा... लून." बरोबरच होतं त्याचं. मी आयुष्यभर जीपमध्ये बसून हायवेच्या पुलावरून आले. तो चालत यायचा, रुळाच्या कडेने, पुलाखालून, ओहळ ओलांडून. जो जन्मभर चालत आला त्या माणसाला मी गाडीच्या वाटेने आणत होते. जाऊच्या डोळ्यांना धार लागली होती. मी तिला मानेने खुणावलं, झील सोडू नकोस. आणि वाट बदलली. "पुलाखालून रं, कुठून?" माझं मलाच पुढचं माहीत नव्हतं, मी त्यालाच विचारत होते, गाण्यातून. तो सांगत होता. ओहळ. खडक. साग. प्रत्येक शब्द असा की खाणीतून दगड काढावा, पण थाळाच्या चालीवर टाकलेला. बोलायला सांगितलं असतं तर त्याच्याकडे "ब" होता. गाण्यात त्याच्याकडे सगळा डोंगर होता. मी गाणारी आणि तो वाट दाखवणारा, असं आम्ही आलो. तुम्ही म्हणाला असता, ही काय पद्धत झाली? पण आलो.

आणि अंगणात पोचलो. गोठ्याचा कूड, पेंढ्याची उडवी, पाण्याचं पिंप. तो खाटेवर पुढे झुकून बसला होता, नजर आतल्या दाराकडे. त्या चेहऱ्याचं मी काय सांगू? शाळेतून उशिरा आलेलं पोर आत घेतील की नाही म्हणून उभं असतं, तसा. मी म्हाताऱ्याकडे बघून मान हलवली, मार हाक.

म्हातारा म्हणाला, "ए मुकादम. ये आत."

तुमच्या लेकाने पापणी हलवली नाही. मुकादम रेल्वेतला होता. घरात कोणी मुकादम राहत नव्हता.

"नावानं," मी गाण्याच्या चालीतच म्हटलं.

म्हातारा डोकं खाजवू लागला. "नाव... अरे, काय बरं ह्याचं? मी जन्मभर मुकादमच म्हणत आलो. गो पोरी, काय नाव ह्याचं?"

हे त्याने जाऊला विचारलं. जाऊ माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. नाव आम्हा दोघींना पाठ, आणि दोघींच्या जिभेला कुलूप. तिचा तो मोठा दीर, माझा तो नवरा. काडी ओढून ओढून माझे खांदे भरून आले होते आणि थांबायची सोय नव्हती. जाऊ धावली, पिशवीतून आधार कार्ड आणून म्हाताऱ्याच्या नाकाला लावलं. त्याने ते लांब धरलं, जवळ धरलं. "चष्मा घरी राहिला," म्हणाला. खाटेवर तुमचा लेक तसाच झुकलेला. तेवढ्यात त्याची नजर दारावरून सुटायला लागली. मी पाहिलं. आता हा पाठ टेकणार आणि परत भिंतीकडे तोंड करणार, हे मला स्पष्ट दिसलं. जाऊ कानाशी येऊन म्हणाली, "बाय, उखाण्यात घ्या की. लग्नात घेतलं व्हतं ना?"

"उखाण्यात घेतलं तर जेवायला बसेल," मी म्हटलं, "घरात यायचा नाय."

आणि मग मी हाक मारली. माझ्या आवाजात नाही. तुमच्या आवाजात. तुम्ही सांजेला गोठ्यापाशी उभे राहून त्याला जशी हाक मारायचात, नावाचं शेवटचं अक्षर लांबवून, पुढे तो खरखरीत "रे" आणि मग, "पाय धुऊन ये." एवढी वर्षं चुलीपाशी बसून ती हाक ऐकली होती, ती अख्खीच्या अख्खी घशातून निघाली. नाव धरून. इथे ते लिहीत नाही, कागदावर तरी कशाला. म्हाताऱ्याने दचकून मागे पाहिलं, पाटावर खरंच कोण बसलंय का. आणि तुमचा लेक म्हणाला, "आलो, बा."

मी थाळ खाली ठेवला. बोटं सरळ होईनात. जाऊने तोंडावर पदर घेतला होता. "बाय, तुमी नाव घेतलंत."

"मी कशाला घेईन? मामांनी घेतलं."

"मामांनी," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

आता तो बरा झाला, असं मी सांगणार नाही, तुम्ही मला तसं बोलायला शिकवलं नाहीत. गोळ्या चालू आहेत, व्यायाम चालू आहे, लेक मुरबाडहून येते तेव्हा त्याचा हात चोळून देते. पण शब्द येतात. थाळाच्या चालीवर आधी येतात, मग हळूहळू चालीशिवाय. चहा हवा असला की गाऊन मागतो, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं घरात काही कार्य आहे. डॉक्टरणीपुढे त्याने टपरीपासून उंबऱ्यापर्यंतची सगळी वाट म्हणून दाखवली. ती खुर्ची पुढे ओढून शेवटपर्यंत ऐकत बसली, बाहेर रांग असून. वाडीवरच्या दोघीतिघी मला बोलवायला आल्या. मी आधी विचारते, दवाखान्यात नेलंत का, आणि मग विचारते, जीव कुठे राहिला. वाट कोणाकडून तरी चालवून घेते. जीपच्या वाटेने आता मी कोणाला आणत नाही. आणि झील तुमचा लेक धरतो. खोकायला अंगणात जात नाही.

एक दिवस पेज पिता पिता तो थांबला आणि वाकड्या तोंडाने हसला. एकेक शब्द लावून म्हणाला, "बा... असा... वरडत... नव्हता." मी म्हटलं, "मग कसा वरडत होता?" त्याने माझ्याकडे बोट केलं. त्याला पहिल्यापासून माहीत होतं, मामा. माझा आवाज तो ओळखणार नाही तर कोणाचा ओळखेल? माहीत असून "आलो, बा" म्हणाला. माझी अब्रू राखली त्याने, किंवा तुमची. मी त्याला अजून पेज वाढली.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, टाकणार तरी कुठे. दुमडून पिठाच्या डब्याखाली ठेवीन आणि चूल पेटवताना कधीतरी हाताला लागेल. मात्र एक राहिलं, तेवढं सांगते आणि उठते. तुमच्या आवाजाच्या आडून मी ते नाव एकदा घेतलं, आणि ते तोंडात फार गोड लागलं. आता भात भरडायला गिरणीत जाते, पट्टा फिरायला लागतो, शेजारच्या बाईचंही बोलणं ऐकू येईनासं होतं, तेव्हा मी ते परत घेते. माझ्या आवाजात.